शनिवारवाला

"तुमच्यातला तो शनिवारवाला आहे ना, त्याला बोलावून घे एकदा," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या पाठीला पावडर लावत होते. पडून पडून पाठ सोलवटायला लागली होती, आणि हात जरा जोरात लागला की ते कण्हायचे, म्हणून मी फार हळू हात फिरवत होते.

"कोण, विश्राम?"

"तोच. माणसांवर लिहितो तो. त्याला म्हणावं, माझ्यावर लिही."

मी पावडरचा डबा खाली ठेवला. "बाबा, घरात लिहिणारी बाई बसलीय की. मी लिहिते ना."

"तू नको."

"का नको?"

"तू गुरुवारी लिहितीस," ते म्हणाले आणि पांघरूण ओढून घेतलं. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता.

हे गुरुवार-शनिवार काय ते सांगते. त्या काळी पुण्याची हेमांगी नावाची एक बाई ईमेलवर रोजचं पत्र चालवायची, नाव ‘चहाआधी’. एकदा नाव नोंदवलं की रोज सकाळी लोकांच्या फोनवर एक लेख येऊन पडायचा. वाचक सगळ्यांचे मिळून एकच, वार तेवढे आम्हा लिहिणाऱ्यांत वाटलेले. सोमवारी राजकारणाची टिंगल, मंगळवारी नागपूरच्या एक बाई खायचं काहीतरी सांगायच्या, गुरुवारी मी आणि शनिवारी विश्राम आपटीकर. मी बारवा, आड, तळी, बंधारे यांच्यावर लिहायची. बार्शीहून एसटी जिथवर जाईल तिथवर जायचं, विहीर बघायची, मोजायची, कोणी बांधली ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, आणि त्यांच्यात एकमत झालं नाही तर झालं नाही असंच लिहायचं. विश्राम माणसांवर लिहायचा. हमाल, सुईण, बँडमध्ये सनई वाजवणारा म्हातारा, अशी साधी माणसं, आणि त्यांच्या हयातीतच. गेल्यावर सगळेच चांगलं लिहितात, त्या माणसाला वाचायला मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. लोक शनिवारची वाट बघायचे. खोटं कशाला बोलू, मीही वाचायची, आणि वाचून झाल्यावर तासभर माझं डोकं फिरलेलं असायचं.

प्रत्येक लेखाच्या तळाशी एक बटण होतं, ‘हा वार नको’. ते दाबलं की त्या वाराचा लेख यायचा बंद, बाकीचे चालू. ही हेमांगीची कल्पना. सगळ्यात जास्त दाबलेलं बटण गुरुवारचं होतं. हे तिनं मला फोनवर अगदी हळू आवाजात सांगितलं, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तसं.

"शैलाताई, लेखात थोडी माणसं आणा ना. नुसत्या विहिरीच विहिरी असतात."

"विहिरीवरच्या लेखात विहीरच असणार," मी म्हटलं. ती हसली. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

त्यात वाचकांचा घोळ वेगळाच. लोक कुठल्याही लेखाखाली कशाचंही उत्तर लिहायचे. परांड्याच्या बारवेवर मी जीव तोडून लिहिलं होतं, त्याखाली एका गृहस्थांनी लिहिलं, ‘शनिवारचा हमाल वाचून डोळे भरून आले, असंच लिहीत राहा.’ मी ते निमूट विश्रामकडे पाठवून दिलं. असली टपालं पोचवण्यात माझा पुष्कळ वेळ जायचा.

माझी हक्काची अशी वाचक एकच, माझी आई. वाचक म्हणजे ऐकणारी. काचबिंदूनं तिची नजर गेली होती, उजेड-अंधार एवढंच कळायचं. दर गुरुवारी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची, हाताला काहीतरी काम असायचंच, आणि मी तिला माझा लेख वाचून दाखवायची. ती मध्येच म्हणायची, "पायऱ्या कुठल्या अंगाला होत्या म्हणालीस?" मग मी परत सांगायची. तिला आवडत होतं की माझ्यासाठी ती आवडून घेत होती ते मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी विचारू नयेत एवढी अक्कल मलाही आहे.

मधल्या दाराला नुसता पडदा होता. पलीकडे बाबांची कॉट, त्यांना सगळं ऐकू जायचं. त्यांनी माझ्या लिहिण्याला कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. शनिवारचं मात्र ते स्वतः वाचायचे. फोनवर अक्षरं मोठी करून, ओठ हलवत, शेवटपर्यंत.

बाबा, माणिकराव गव्हाणे, आधी एसटीत कंडक्टर आणि नंतर बार्शी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते कर्ण्यावरून सांगायचं काम. त्यांचा आवाज असा होता की गावातली माणसं घरात बसून गाडीची वेळ ओळखायची. घरात मात्र हा माणूस बोलायचा नाही. मी सासर सोडून परत आले त्या दिवशीसुद्धा "जेवलीस का" एवढंच म्हणाले. मला त्यांच्यावर लिहायचं होतं. कितीतरी वर्षं मागे लागले होते, बाबा सांगा की काहीतरी, स्टँडवरचं सांगा, लहानपणचं सांगा. "काय आहे सांगण्यासारखं" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आता डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. घरी न्या म्हणजे काय ते आम्हाला तिघांनाही कळलं होतं. उरलेल्या दिवसांत त्यांनी माझ्याशी बोलावं, बाकी मला काही नको होतं. आणि त्यांनी बोलायला माणूस मागितला तो विश्राम.

एक गोष्ट मात्र मी त्यांना कधीच विचारली नव्हती, ती मधूची. मधू माझा थोरला भाऊ. मी पाळण्यात होते तेव्हा तो आजोळच्या मळ्यातल्या विहिरीत पडून गेला. आमच्या घरात ते बोललं जात नसे. भिंतीवर फोटो नव्हता, श्राद्धाला त्याचं नाव घेतलं जात नसे. आई-बाबांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. फक्त एक होतं. बाबा "राहू दे, मी बघतो" म्हणाले की आई एक शब्द न बोलता उठायची आणि ते काम स्वतः करून टाकायची. गॅसची टाकी असो, छपराचा पत्रा असो. मला लहानपणी वाटायचं आई फार कामसू आहे.

मी विश्रामला फोन केला. असला फोन करताना काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

"शैलाताई, तुमचे वडील?" तो म्हणाला. "पण मग तुम्ही का नाही?"

"त्यांना तुम्ही हवे आहात."

तो म्हणाला, "मी बुधवारी येतो. आणि नाव तुमचं येऊ देत नाही कुठं, काळजी करू नका." माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

बुधवारी दुपारी तो आला. पुण्याहून गाडी बदलत आला होता, घामानं भिजलेला. आल्या आल्या बूट काढून आईच्या पाया पडला, बाबांच्या कॉटवरच बसला, खुर्चीवर नाही. जवळ वही नाही, पेन नाही, फोनसुद्धा त्यानं खिशात टाकला. बाबांचे पाय पांघरुणाबाहेर आले होते, ते त्यानं सहज मांडीवर घेतले आणि चेपायला लागला. मी गेले सहा महिने ते पाय चेपत होते.

"काका, तुमचा आवाज मी ऐकलाय," तो म्हणाला. "कॉलेजात असताना तुळजापूरला जाताना. तुम्ही ‘तुळजापूर’ म्हणायचात ना, तर माणसं उठून हात जोडायची."

बाबा हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"शैले," ते मला म्हणाले, "चहा ठेव. आणि ते दार लोटून घे."

"दार नाहीय बाबा, पडदा आहे."

"मग पडदा ओढ. आणि इथं घुटमळू नकोस."

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी चहा ठेवला. पलीकडून बाबांचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते, मुद्दाम खालच्या पट्टीत बोलत होते. कर्ण्यावर आयुष्य काढलेला माणूस, पण आपल्याच घरात आवाज दाबून बोलत होता. मग खोकला, मग पुन्हा बोलणं. मध्ये एकदा विश्रामचं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"काय सांगायलेत?" आईनं विचारलं.

"कळत नाही."

"इतकं तर माझ्याशी लग्नात पण बोलले नाहीत," आई म्हणाली. लसणाच्या पाकळ्या तिनं बोटानं चाचपून वाटीत टाकल्या. "बोलू दे. बोलायचंय त्यांना तर बोलू दे."

ऊन उतरल्यावर विश्राम पडद्याबाहेर आला. डोळे लाल झाले होते. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला निघाले तर तो नको म्हणाला.

"काय म्हणाले?" मी विचारलं. विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलं.

"ताई, काकांनी वचन घेतलंय, छापून येईपर्यंत तुम्हाला दाखवायचं नाही." मग माझा हात धरून म्हणाला, "एवढंच सांगतो. तुम्ही भाग्यवान आहात."

मी हात सोडवून घेतला आणि चहाचे कप उचलायला आत गेले.

शनिवारी सकाळी लेख आला. मी गॅसपाशी उभी राहून वाचला, दूध उतू गेलं तरी वाचत राहिले. लेख चांगला होता. हे मान्य करायला हवं, चांगला होता. स्टँडवरची पहाट होती, कर्ण्याची खरखर होती, चुकलेल्या म्हातारीला बाबांनी नाव पुकारून तिच्या मुलाकडे पोचवलं ते होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या माणसाच्या घरात वाढले आणि मला माहीत नव्हतं. वाचताना मला रडायला आलं आणि विश्रामचा रागही आला, दोन्ही एकदम.

आणि मग विहीर आली. त्यानं लिहिलं होतं:

‘माणिककाकांनी क्षणाचाही विचार केला नाही. अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी त्यांनी विहिरीत उडी घेतली. काठावर त्यांची पत्नी हंबरडा फोडत होती. काका तळाशी जाऊन आले, पुन्हा गेले, आणि लेकराला छातीशी धरूनच वर आले. फार उशीर झाला होता. काका मला म्हणाले, पोरा, पुढं सगळा जन्म मी लोकांना त्यांच्या त्यांच्या गाडीवर पोचवलं. माझं एक तेवढं पोचवायचं राहून गेलं.’

मी गॅस बंद केला.

कमळामावशीनं, आईच्या बहिणीनं, मला ते सांगितलं होतं. माझं लग्न मोडलं त्या वर्षी, मी बाबांची बाजू घेऊन आईला काहीतरी बोलले होते म्हणून. मावशी म्हणाली होती, "तुझी आई सीना नदीच्या काठची. मासोळीसारखी पोहायची. मधू पडला तेव्हा ती खळ्यावर होती, आणि तुझा बाप विहिरीवर. तो उभा होता. हाका मारायला लागला, पण उभा. आमची इंदी खळ्यावरनं पळत आली आणि त्याच्या अंगावरनं आत गेली. लुगड्यासकट. तिनं काढलं लेकराला. तुझ्या बापाची चप्पल सुद्धा भिजली नाही त्या दिवशी." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोहता येत नव्हतं त्याला. दोष नाही. पण नवरा उभा होता, एवढं ती बघून गेली आत."

तेव्हापासून आई त्यांचं ‘मी बघतो’ ऐकून का उठते ते मला समजलं होतं.

आई न्हाणीत होती. मी पडदा सारून आत गेले. बाबा जागे होते. फोन छातीवर उपडा होता, म्हणजे त्यांनीही वाचलं होतं.

"बाबा, तुम्हाला पोहता येत नाही."

त्यांनी पंख्याकडे बघितलं. "कमळी बोलली होय तुझ्याजवळ."

"आई काठावर नव्हती."

त्यांनी छातीवरचा फोन उशीखाली सारला.

"मला सांगायचं होतंत ना. इतकी वर्षं विचारतेय मी. खरं सांगितलं असतंत तर मी समजून घेतलं नसतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू विहिरीची खोली विचारली असतीस," बाबा म्हणाले. दम लागत होता, थांबत थांबत बोलत होते. "पाणी किती होतं, काठापासनं किती खाली होतं, मी कुठल्या अंगाला उभा होतो. मग जाऊन कमळीला विचारलं असतंस. मग दोघांचं जुळत नाही म्हणून तसं लिहिलं असतंस. मी ऐकतो की दर गुरुवारी. तो नाही विचारत. तो रडला."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"रोज मारतो मी ती उडी, शैले. त्या दिवसापासनं रोज मारतो. एकदा कुठंतरी लिहून येऊ दे म्हटलं."

मला दया यायला हवी होती, हे आता कळतं. तेव्हा आली नाही. "आणि आई?" मी म्हटलं. "तिला काठावर उभी करून हंबरडा फोडायला लावलंत. तिला काय वाटेल?"

"तिला कशाला वाटायचंय," बाबा म्हणाले. "तिला कुठं वाचता येतंय आता."

मी तशीच बाहेर आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. अंगणात जाऊन विश्रामला फोन लावला.

"तुम्ही कुणाला विचारलंत का ते?" मी म्हटलं. "विहिरीचं. एका माणसाला तरी?"

मी त्याला सगळं सांगितलं.

"ताई, मरणाच्या दारात माणूस खोटं बोलेल असं मला वाटलं नाही," तो म्हणाला.

"तिथंच तर बोलतो."

"मी दुरुस्ती लिहू का? की तुम्ही लिहिता? गुरुवार तुमचाच आहे. तुम्ही लिहाल ते मी शनिवारी माझ्या नावानं मान्य करीन. शब्द देतो." आणि तो ते करणार हे मला माहीत होतं. तसाच होता तो.

फोन ठेवला तोवर माझ्याकडेही उत्तरं यायला लागली होती. नेहमीचा घोळ. शनिवारच्या लेखाचं कौतुक गुरुवारच्या बाईकडे. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘माणिककाकांची उडी मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवली.’ आणि सोलापूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला, अगदी माझं नाव घालून, लिहिलं होतं, ‘शैलाताई, आजचा शनिवारचा लेख अवश्य वाचावा. माणसावर कसं लिहावं हे आपल्याला त्यातून शिकता येईल.’

मी तिथंच पायरीवर बसून गुरुवारचा लेख लिहायला घेतला. पहिलं वाक्य लगेच आलं. ‘त्या विहिरीत उडी मारली ती एका बाईनं.’ माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पहिलं वाक्य असावं. त्यात माणूस होता, विहीर होती, आणि खरं होतं. कुणी बटण दाबलं नसतं त्या गुरुवारी.

"शैले," आतून आईनं हाक मारली. "ये गं. शनिवारचं आलं असंल ना? वाच."

मी आत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात मेथीची जुडी.

"नंतर वाचू आई."

"कमळीचा फोन येऊन गेला. तिच्या नातवानं वाचून दाखवलं तिला. शिव्या घालायली तुझ्या बापाला. काय आहे ते सांगंना, नुसतं म्हणाली तू ऐकू नकोस." आईनं मेथीची काडी मोडली. "म्हणून म्हटलं ऐकावं."

तेवढी ओळ गाळून वाचावी असं मनात आलं. पण मावशी पुन्हा फोन करणारच होती. मी बसले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. स्टँड, कर्णा, चुकलेली म्हातारी. आई मान डोलवत होती. "हे मला सांगितलं होतं त्यांनी," एकदा म्हणाली. "तिचा मुलगा वैरागचा." मग मी विहिरीपाशी आले आणि थांबले.

"वाच."

मी वाचलं. क्षणाचाही विचार केला नाही. खाकी कपड्यांनिशी. काठावर त्यांची पत्नी हंबरडा फोडत होती.

आईचे हात थांबले.

"मी काठावर?"

"असं लिहिलंय त्यानं. आई, हे बघ..."

"पुढं वाच."

मी शेवटपर्यंत वाचलं. शेवटची वाक्यं तर मी रागानं फेकल्यासारखी वाचली.

"येत्या गुरुवारी मी लिहिणारे," मी म्हटलं, पलीकडे नीट ऐकू जाईल अशा बेतानं. "जे झालं ते लिहिणारे. तू उडी मारलीस. तू त्याला वर काढलंस. हे उभे होते. तो शनिवारवाला सुद्धा मान्य करणारे. सगळ्यांना कळू दे."

"काय कळू दे?"

"तू काय केलंस ते."

"मी काय केलं?" आई म्हणाली. "मेलेलं पोरगं बाहेर काढलं." तिनं मेथी बाजूला सारली, हात लुगड्याला पुसले. "मला रडायला पण मिळालं नाही गं. पाण्यात होते मी. पाण्यात कसलं रडतीस, श्वास धरायचा असतो. वर आले तर तू पाळण्यात ओरडत होतीस. ओल्या लुगड्यानंच तुला पाजलं. मग ते पोरगं न्यायची घाई. मग यांना कोण बघणार, हे तर खांबासारखे झालेले. मग दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, बाई धीराची आहे."

तिनं बाजूला सारलेली मेथी मी पुढ्यात ओढून घेतली.

"ती काठावरची बाई बरी आहे की," आई म्हणाली. "तिचा नवरा उतरलाय आत. तिनं नुसतं रडायचंय."

"आई..."

"परत वाच."

"सगळं?"

"नाही. ते उडी मारतात तिथनं."

माझी एकुलती एक वाचक, तीही शनिवारची निघाली. मी फोन उचलला. गुरुवारचं पुढं मी काही बोलले नाही, आणि नंतर लिहिलंही नाही. ते पहिलं वाक्य तेवढं पुष्कळ दिवस डोक्यात फिरत राहिलं, मग तेही गेलं.

‘माणिककाकांनी क्षणाचाही विचार केला नाही,’ मी वाचलं. या वेळी सावकाश, विश्रामनं लिहिलं असेल तसं. ‘अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी त्यांनी विहिरीत उडी घेतली. काठावर त्यांची पत्नी हंबरडा फोडत होती.’

आईच्या तोंडून आधी नुसता एक आवाज निघाला, ओळखू न येणारा. मग ती रडायला लागली. मी तिला जन्मात कधी रडताना बघितलं नव्हतं. मोठ्यानं, गळा काढून, मधूचं नाव घेत, भुईवर हात आपटत, आत्ता घडल्यासारखी रडायला लागली. मी थांबले की ती हातानं खूण करायची, वाच. मी परत उडीपासून वाचायची.

शेजारच्या कुसुमताई पिठाच्या हातानं धावत आल्या. त्यांच्या मागोमाग समोरचे दोघं-तिघं आले, चपला दारात टाकून आत शिरले. एकानं तर टोपीही काढली होती. सगळ्यांना वाटलं बाबा गेले. कुसुमताईंनी रडत रडतच पडदा बाजूला केला. बाबा कॉटवर उठून बसले होते, सहा महिन्यांत कुणाच्या आधाराशिवाय पहिल्यांदा, आणि ऐकत होते.